ठेका खाली उतरतो तेव्हा : फ्रांझ फर्डिनंडच्या तिसऱ्या अल्बमचं प्रकरण

मी बेस वाजवतो. जॅमरूममध्ये गेली कित्येक वर्षं एक वाक्य वेगवेगळ्या तोंडून ऐकतोय : "आपलं थोडं डान्सी करू या का?" मग कोणीतरी लॅपटॉप उघडतो, सिंथचा एखादा आवाज शोधतो. ड्रमर कानात क्लिक (तालाची टिकटिक) घेऊन चारही मात्रांवर किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) मारत राहतो आणि तासाभराने सगळे म्हणतात, जाऊ दे, आधीचंच बरं होतं. असं का होतं हे मला ज्या एका उदाहरणावरून नीट समजलं, ते इथे मांडतोय. बँड स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचा फ्रांझ फर्डिनंड आणि काळ 2006 ते 2009 या वर्षांचा. गाणी सगळ्यांना ऐकायला उपलब्ध आहेत, त्यामुळे मी म्हणतो ते कानाने पडताळून बघता येईल. हेडफोन किंवा बरा स्पीकर मात्र हवा. मोबाइलच्या स्पीकरवर या प्रकरणातला निम्मा पुरावा ऐकूच येत नाही.

पार्श्वभूमी

फ्रांझ फर्डिनंड 2002 च्या सुमारास ग्लासगोत जमला. गायक-गिटारिस्ट अ‍ॅलेक्स कप्रानोस, गिटार आणि कीबोर्डवर निक मॅकार्थी, बेसवर बॉब हार्डी, ड्रमवर पॉल थॉमसन. मॅकार्थीने म्युनिकमध्ये संगीताचं रीतसर शिक्षण घेतलेलं. हार्डी ग्लासगो स्कूल ऑफ आर्टचा विद्यार्थी, त्याला बेस येतच नव्हता. कप्रानोसने त्याला शिकवला. ही गोष्ट किस्सा म्हणून सांगितली जाते, पण मला ती पुढच्या सगळ्याची गुरुकिल्ली वाटते. नव्याने शिकणारा माणूस कमी सूर वाजवतो, तेच सूर पुन्हा पुन्हा वाजवतो आणि ठेक्याला घट्ट धरून राहतो. नाचायला लावणाऱ्या बेसला यापेक्षा जास्त काही लागत नाही.

मुलींना नाचता येईल असं संगीत करायचं, असं हा बँड सुरुवातीपासून उघडपणे सांगत होता. हे ऐकायला साधं वाटतं. पण 2002-03 च्या ब्रिटनमध्ये गिटार बँडच्या कार्यक्रमाला लोक हाताची घडी घालून उभे राहत, त्या वातावरणात ते मोठं विधान होतं.

ग्लासगोत त्याला जुना आधारही होता. 1980 च्या आसपास पोस्टकार्ड रेकॉर्ड्स या छोट्या लेबलभोवती जमलेल्या मंडळींत ऑरेंज ज्यूस हा बँड होता. त्यांना व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या रॉक बँडची खरखरीत गिटार आवडायची, तशीच शीक या डिस्को बँडची झुळझुळीत गिटारही. त्यांच्या 1983 च्या 'रिप इट अप' या गाण्यात रोलँडचं टीबी-303 हे छोटं बेस-यंत्र वाजतं. बेस वाजवणारा साथीदार नसेल तर हे वापरा, म्हणून ते बाजारात आलं होतं आणि आपटलं होतं. पुढे शिकागोच्या पोरांनी तेच जुन्या मालातून स्वस्तात उचललं, त्याचे नॉब वाटेल तसे पिळले आणि त्यातून अ‍ॅसिड हाउस हा क्लबमधल्या नाचाचा संगीतप्रकार जन्माला आला. म्हणजे न्यू वेव्हची, पंकनंतरच्या त्या पॉपची, गिटार आणि अ‍ॅसिडचा तो चिकट, वळवळता आवाज एकाच गाण्यात नांदल्याची नोंद ग्लासगोच्या खात्यावर आधीपासून होती. हे लक्षात ठेवा, शेवटाकडे ते परत येणार आहे.

शिवाय ग्लासगोच्या सब क्लब या नाइटक्लबमध्ये 1997 पासून दर रविवारी रात्री 'ऑप्टिमो' ही डीजेंची मैफल चालायची. एकाच रात्री टेक्नो, डिस्को आणि 1979 चं पोस्ट-पंक, म्हणजे पंकनंतरचं तुटक गिटारचं रॉक. फ्रांझ फर्डिनंड ज्या शहरात उभा राहिला तिथे 'रॉकवाले' आणि 'डान्सवाले' ही भिंत बरीच खचलेली होती.

पहिला अल्बम फेब्रुवारी 2004 मध्ये डॉमिनो या लेबलवर आला. स्वीडनच्या माल्म्यो इथे, टोरे योहानसन या निर्मात्याबरोबर केलेला. त्याआधी जानेवारीत 'टेक मी आउट' ब्रिटनमध्ये 3 ऱ्या क्रमांकावर गेलं होतं. त्या गाण्यात जवळपास मिनिटभर वेगवान, ताठ गिटार वाजते. मग सगळे वाद्यवाले एकत्र ब्रेक मारल्यासारखे संथ होतात आणि खरं गाणं तिथून सुरू होतं. रेडिओवर चालणाऱ्या गाण्याने मध्येच वेग उतरवावा, हे कोणत्याही नियमात बसत नव्हतं. पण नाच सुरू होतो तो त्या उतरलेल्या वेगावरच. त्याच वर्षी त्यांना मर्क्युरी पुरस्कार, ब्रिटनमधला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा, मिळाला.

दुसरा अल्बम ऑक्टोबर 2005 मध्ये आला आणि ब्रिटनमध्ये थेट 1 ल्या क्रमांकावर गेला.

अडचण

अपयश ही त्यांची अडचण नव्हतीच, आणि म्हणूनच ती ओळखायला अवघड होती.

दुसरा अल्बम पहिल्याहून वेगवान आहे, भरगच्च आहे. सलग दौऱ्यांवर असलेल्या बँडची सगळी ताकद त्यात ऐकू येते. पण तो ऐकताना मला दरवेळी मिरवणुकीतला एक क्षण आठवतो. ढोल-ताशाचं पथक एका संथ, डुलत्या चालीवर असतं तोवर बाजूचा प्रत्येक माणूस हलत असतो. मग ताशा चढत जातो, वेग वाढतो, टिपेला पोचतो आणि लोक नाचायचं थांबून बघायला लागतात. दाद मिळते, अंगावर काटा येतो, पण पाय थांबलेले असतात. दुसऱ्या अल्बमचं तसं झालं होतं. नाचायला लावण्यासाठी निघालेला बँड बघायला लावणारा बँड झाला होता.

दुसरी अडचण बाहेरची. 2006 पर्यंत तुटक गिटार, दोन मात्रांच्या मध्ये उघडणारा हाय-हॅट (ड्रमवरची झांजांची जोडी) आणि वर अर्धवट बोलल्यासारखं गाणं ही घडण ब्रिटनमध्ये इतक्या बँडनी उचलली होती की मूळ कोणाचं हे सांगूनही कोणाला फरक पडत नव्हता. आणि 'आम्ही आता डान्सकडे वळतोय' हे म्हणणंसुद्धा नवं राहिलं नव्हतं. न्यू यॉर्कच्या द रॅप्चर या बँडने डीएफए या निर्मात्यांच्या जोडीबरोबर ते 2002-03 मध्येच करून दाखवलं होतं. 2007 चा मर्क्युरी क्लॅक्सन्स या डान्सकडे झुकलेल्या बँडला मिळाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्लॉक पार्टी या बँडने 'फ्लक्स' हे गाणं काढलं, ते जवळजवळ पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक होतं आणि ब्रिटनमध्ये 8 व्या क्रमांकावर गेलं.

म्हणजे जुनं करत राहावं तर स्वतःचीच नक्कल होणार, आणि नवं करावं तर गर्दीच्या मागून चालल्यासारखं दिसणार.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय होता दोन वर्षांत आणखी एक तसाच अल्बम काढण्याचा. लेबल, रेडिओ आणि महोत्सवांचे आयोजक यांना तो चालला असता. तो त्यांनी घेतला नाही, आणि त्याबद्दल फार लिहिण्यासारखं काही नाही.

दुसरा पर्याय म्हणजे हिट गाणी बनवणाऱ्या कारखान्याकडे जाण्याचा. तो त्यांनी खरोखर आजमावला. तिसरा, एखाद्या डीजे-निर्मात्याला गाणी सोपवून त्याच्याकडून सगळं यंत्रांवर उभं करून घेण्याचा. चौथा, स्वतःची जागा घेऊन, घड्याळ न बघता, खालच्या सुरांची समज असलेल्या निर्मात्याबरोबर काम करण्याचा.

पहिला निर्णय : कारखान्यात जाऊन परत येणं

2007 मध्ये त्यांनी झेनोमेनियाबरोबर काम करून पाहिलं. ब्रायन हिगिन्सची ही मंडळी इंग्लंडच्या केंट परगण्यात एका मोठ्या घरातून काम करायची. गर्ल्स अलाउड या मुलींच्या पॉप गटाची एकामागून एक गाजलेली गाणी तिथली, शुगाबेब्स या तशाच गटाची काही तिथली, आणि शेर या गायिकेच्या 'बिलीव्ह'च्या लेखकांत हिगिन्सचं नाव आहे. बातमी आली तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली. गिटार बँड आणि पॉपचा कारखाना, कसं जमायचं?

मला हा निर्णय आजही धाडसी आणि योग्य वाटतो. झेनोमेनियाची गाणी त्या काळच्या बहुतेक रॉक बँडपेक्षा रचनेने जास्त विचित्र होती. एका गाण्यात चार-पाच वेगळ्या चाली एकमेकींना चिकटवलेल्या, कडवं-धृपद-कडवं हा क्रम मोडलेला. 'टेक मी आउट'सारखं दोन गाण्यांचं एक गाणं करणाऱ्या माणसांना तिथे आपलं काही सापडेल असं वाटणं अगदी स्वाभाविक होतं.

तरी जुळलं नाही, आणि ते बाहेर पडले. माझ्या मते कारण कामाच्या पद्धतीत होतं. त्या घरात तुकडे आधी तयार होतात. चाली, ठेके, धृपदं सुटी सुटी रचली जातात, त्यांतले उत्तम निवडून गाणं जोडलं जातं आणि गाणारा त्यात शेवटी येतो. इथे उलटं होतं. या बँडचं गाणं चार माणसं एका खोलीत एकमेकांकडे बघत वाजवतात तेव्हाच तयार होतं. त्यातला एक जण नवशिका म्हणून सुरू झालेला, एक संगीत शाळेतून आलेला, आणि गाण्याची गंमत त्या दोघांमधल्या ताणात. तुकड्यांमध्ये तो ताण उरत नाही.

इथला खरा निर्णयबिंदू कारखान्यात जाणं हा नव्हे, परत येणं हा आहे. काही महिने गेले होते, बातमी बाहेर फुटली होती, लोकांना उत्सुकता होती. अशा वेळी "आता इतकं केलंय तर संपवून टाकू" म्हणणारे बँड मी खूप पाहिलेत. खर्च झालेला वेळ हा पुढे जाण्याचं कारण मानणं ही आपल्या सगळ्यांचीच सवय. त्यांनी ती मोडली.

दुसरा निर्णय : गोव्हनमधली इमारत आणि डॅन केरी

ते ग्लासगोला परतले आणि गोव्हन भागातल्या जुन्या, व्हिक्टोरियन काळातल्या टाउन हॉलमध्ये त्यांनी तळ ठोकला. गोव्हन म्हणजे एकेकाळचा जहाजबांधणीचा भाग. उंच छताची दालनं, तळघरं, लांब बोळ. भाड्याच्या स्टुडिओत तासाचा मीटर चालतो, इथे तसं नव्हतं. आणि प्रत्येक खोलीचा घुमारा वेगळा. ड्रम कोणत्या खोलीत लावायचा, हाही संगीताचाच निर्णय ठरतो अशी ती जागा.

निर्माता म्हणून आले लंडनचे डॅन केरी. त्या वेळी त्यांचं नाव सर्वसामान्य श्रोत्याला माहीत असण्याचं कारण नव्हतं. पण कायली मिनोगचं 2003 चं 'स्लो' त्यांनी कायली आणि एमिलियाना टोरिनीबरोबर लिहिलं होतं. ते गाणं एकदा नीट ऐका. त्यात जवळपास काहीच नाही. एक बुडबुड्यासारखा बेस, थोडा ठेका आणि मधली भरपूर शांतता. नाव 'सावकाश' आणि तरी नाचाचं गाणं. दुसऱ्या अल्बमच्या घाईतून बाहेर पडू पाहणाऱ्या बँडला याहून चांगला माणूस मिळाला नसता. केरींना डब या जमैकाच्या संगीतप्रकाराचा नादही होता, आणि त्यानेच पुढे या प्रकरणाला एक अनपेक्षित फाटा फुटला.

(याच केरींनी 2013 मध्ये स्पीडी वंडरग्राउंड हे लेबल सुरू केलं. पुढच्या पिढीचे ब्लॅक मिडी, फाँटेन्स डी.सी., वेट लेग हे बँड त्यांच्याच हातून घडले. माणूस ओळखण्याच्या बाबतीत ग्लासगोकर बरेच पुढे होते.)

तिसरा निर्णय : वजन कुठे ठेवायचं

या भागात मी जास्त रेंगाळणार आहे, कारण जॅमरूममधल्या त्या वाक्याचं उत्तर इथे आहे.

डान्सी करायचं म्हणजे वर काहीतरी चढवायचं, असा आपला समज असतो. सिंथ चढवा, टाळ्या चढवा, खुळखुळा चढवा. फ्रांझ फर्डिनंडने मुख्यतः काढून घेतलं. पहिल्या दोन अल्बममध्ये गाण्याचा कणा गिटारच्या तुटक फटकाऱ्यांत होता. बेस आणि ड्रम त्याला धरून चालायचे. तिसऱ्या अल्बमवर, जानेवारी 2009 च्या 'टुनाइट'वर, हा क्रम उलटला. 'युलिसिस' सुरू होतं ते दबक्या आवाजात, जवळजवळ कुजबुजत. बेस आणि ड्रम गाणं पुढे नेतात आणि गिटार बराच वेळ मागे थांबते. 'व्हॉट शी केम फॉर'मध्ये तर बेस पुढे उभा राहून हातवारे करतो आणि बाकीचे त्याला साथ देतात. मग शेवटी गिटारला मोकळं सोडतात, तेव्हा ती किती मोठी वाटते! आधी तिने जागा दिली म्हणूनच ती मोठी वाटते.

नाचणाऱ्या माणसाचं शरीर मात्रेवर हलत नाही, दोन मात्रांच्या मधल्या जागेत हलतं. ढोलकीवाला हे जाणतो. ठोका मारल्यावर घुमाऱ्याला तो जो क्षणभर वाव देतो, तिथे नाचणारीचं पाऊल पडतं. तो क्षण गिटारने भरून टाकला की पाऊल ठेवायला जागाच राहत नाही. हार्डीचा बेस कमी सुरांचा होता म्हणून त्यात ही जागा जात्याच होती. आतापर्यंत ती झाकली गेली होती, एवढंच.

सिंथ आले, पण चकचकीत नव्हते. त्यांनी पॉलिव्हॉक्स हा सिंथ वापरला. 1980 च्या दशकात सोव्हिएत संघात, उरल भागातल्या एका कारखान्यात बनलेलं हे वाद्य लष्करी रेडिओ-संचासारखं दिसतं. त्याचा फिल्टर पिळला की तो गुळगुळीत न होता गुरगुरतो आणि सूर जागेवर नीट थांबत नाही. असं अडेल वाद्य निवडण्यामागे अर्थ आहे. स्वच्छ आधुनिक सिंथ घेतला असता तर बँड एका बाजूला आणि यंत्र दुसऱ्या बाजूला असं ऐकू आलं असतं. पॉलिव्हॉक्स स्वतःच एखाद्या वाईट सवयीच्या गिटारिस्टसारखा वागतो, म्हणून तो या चौघांत मिसळला.

'नो यू गर्ल्स'च्या तालवाद्यांत माणसाच्या खऱ्या हाडांचा आवाज आहे, एका सांगाड्याच्या. ही बातमी तेव्हा खूप फिरली. माझ्या मते ती गौण आहे. हाडं काय, करवंटी काय, कोरडा आणि आखूड आवाज हवा होता, तो मिळाला.

चौथा निर्णय : एका गाण्याची दोन रूपं

ऑगस्ट 2008 मध्ये, अल्बमच्या पाच महिने आधी, 'लुसिड ड्रीम्स' नावाचं गाणं इंटरनेटवर विक्रीला आलं. ते एका अमेरिकन फुटबॉलच्या व्हिडिओगेममध्येही होतं. गाणं चांगलं होतं, पण ओळखीच्या फ्रांझ फर्डिनंडचं. जोरकस गिटार, मोठं धृपद, साधारण साडेतीन-चार मिनिटं.

जानेवारीत अल्बम आला तेव्हा त्याच नावाचं गाणं जवळपास आठ मिनिटांचं झालं होतं. पहिला भाग बदललेला आणि गाणं संपायला हवं तिथून पुढे कित्येक मिनिटं नुसता ठेका आणि सिंथ. शब्द नाहीत, गिटार नाही. ती चिकट, वळवळती रेषा पुन्हा पुन्हा स्वतःभोवती फिरते, उघडते, मिटते. 1983 मध्ये ऑरेंज ज्यूसच्या गाण्यात जे बीज पडलं होतं, ते शिकागोहून फिरून 26 वर्षांनी ग्लासगोला परत आल्यासारखं मला वाटतं. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गाणं अडकलंय की काय म्हणून प्लेअरकडे बघितलं होतं. मग लक्षात आलं की माझी मान हलतेय.

या निर्णयाबद्दल मतं तेव्हाही फुटली आणि आजही फुटतात. कोणाला तो शेवट अल्बममधला सर्वोत्तम भाग वाटतो, कोणाला शेपूट. माझा आक्षेप वेगळा आहे आणि तो शेवटच्या भागात लिहितो.

बारा गाण्यांचा क्रम त्यांनी एका रात्रीसारखा लावला. संध्याकाळची हुरहुर, मग गर्दी, मग 'लुसिड ड्रीम्स'चं भान हरपणं, आणि शेवटी दोन मंद गाणी. अगदी अखेरचं 'कॅथरिन किस मी' हे मुख्यतः साध्या गिटारवर आहे आणि त्यात 'नो यू गर्ल्स'चेच काही शब्द परत येतात. रात्री फुशारकीने सांगितलेली गोष्ट सकाळी त्याच माणसाला कशी आठवते, ते. नाचाच्या अल्बमला असा शेवट देणं मला अतिशय आवडतं. दिवे लागल्यानंतरचा क्लब त्यांनी दाखवला.

परिणाम

'टुनाइट' ब्रिटनमध्ये 2 ऱ्या आणि अमेरिकेत 9 व्या क्रमांकावर पोचला. 'युलिसिस' हे सिंगल ब्रिटनमध्ये 20 व्या क्रमांकावर थांबलं. 'टेक मी आउट' 3 ऱ्या आणि दुसऱ्या अल्बममधलं 'डू यू वाँट टू' 4 थ्या क्रमांकावर गेलेलं, त्या मानाने ही घसरणच. 'नो यू गर्ल्स' आयपॉड टचच्या जाहिरातीत वाजलं आणि तिथून अनेकांपर्यंत पोचलं. समीक्षा एकंदर चांगल्या होत्या, पण पहिल्या अल्बमसारखा गजर नव्हता.

त्याच वर्षी निघालेला फाटा मात्र विलक्षण. केरींनी अल्बमच्या ध्वनिफिती घेऊन त्यांची डब रूपं केली आणि ती 'ब्लड' नावाने आली. डब म्हणजे किंग्स्टनच्या किंग टबी वगैरेंची रीत. गाण्यातून गायक, गिटार काढून टाकायची, बेस आणि ड्रम उघडे ठेवायचे आणि काढलेल्या गोष्टींचे तुकडे प्रतिध्वनीसारखे मधूनच फेकायचे. 'ब्लड' फारसा विकला गेला नसेल. पण तिसऱ्या निर्णयात मी जे म्हणालो त्याची परीक्षा म्हणून तो ऐका. गिटार पूर्ण निघून गेली तरी गाणं उभं राहतं. दुसऱ्या अल्बमवर हा प्रयोग केला असता तर निम्मी गाणी कोसळली असती.

तुलनेसाठी त्याच वर्षीचे दोन शेजारी. या या याज या न्यू यॉर्कच्या बँडने मार्च 2009 मधल्या अल्बमवर गिटार बरीच बाजूला ठेवून सिंथ पुढे आणले. त्यातलं 'हेड्स विल रोल' ए-ट्रॅक या डीजेच्या रीमिक्समुळे खऱ्याखुऱ्या डान्स फ्लोअरवर गेलं आणि वर्षानुवर्षं तिथेच राहिलं. बर्मिंगहॅमच्या एडिटर्सनी ऑक्टोबरमध्ये फ्लड या निर्मात्याबरोबर जवळजवळ पूर्ण सिंथवर अल्बम केला, तो ब्रिटनमध्ये 1 ल्या क्रमांकावर गेला. पुढे 2012 मध्ये त्यांचा गिटारिस्ट बँडमधून बाहेर पडला, बँडच्या पुढच्या दिशेवरून एकमत न झाल्यामुळे. या दोघांनी एका झटक्यात उडी मारली. फ्रांझ फर्डिनंडने एक पाय काठावर ठेवला.

त्यांचा पुढचा अल्बम यायला 2013 उजाडलं. तो पुन्हा आखूड गाण्यांकडे वळला, तरी हॉट चिप या इलेक्ट्रॉनिक बँडच्या जो गोडार्ड आणि अ‍ॅलेक्सिस टेलर यांचा आणि नॉर्वेच्या टॉड टेर्ये या डिस्को-निर्मात्याचा हात त्याला लागला होता. 2016 मध्ये मॅकार्थी बँडमधून बाहेर पडला. त्यानंतर ग्लासगोचाच इलेक्ट्रॉनिक कलाकार ज्युलियन कॉरी आला, आणि फेब्रुवारी 2018 च्या 'ऑल्वेज असेंडिंग'साठी त्यांनी कॅसियस या फ्रेंच हाउस जोडीतले फिलिप झ्दार निर्माते म्हणून घेतले. 2007 मध्ये 'तिसरा पर्याय' म्हणून जो बाजूला राहिला होता, तो अकरा वर्षांनी या रूपात आला. फरक इतकाच की डीजे-निर्माता आला तरी वाजवणारी माणसं एका खोलीत एकत्र वाजवत होती. ब्रिटनमध्ये तो अल्बम 6 व्या क्रमांकावर गेला. झ्दार पुढच्याच वर्षी, जून 2019 मध्ये, पॅरिसमध्ये अपघाताने गेले. ती बातमी वाचून मला खरोखर दुःख झालं. बँडचं आणि त्यांचं मिळून अजून एखादं काम व्हायला हवं होतं.

काय वेगळं करता आलं असतं

ऑक्टोबर 2005 ते जानेवारी 2009 म्हणजे सव्वातीन वर्षं. झेनोमेनियातून बाहेर पडणं बरोबर होतं हे मी वर म्हटलंच. पण त्या काळात बाहेर काहीच न येणं महागात पडलं. 2007 च्या उन्हाळ्यात एखादं बारा इंची सिंगल काढलं असतं, एका बाजूला गाणं आणि दुसऱ्या बाजूला डब, तर बदल होतोय हे क्लबमधल्या लोकांना आधी कळलं असतं. ग्लासगोत ते वाजवणारे डीजे हाकेच्या अंतरावर होते.

दुसरी गोष्ट ऑगस्ट 2008 ची. लांबलेल्या प्रतीक्षेनंतर लोकांच्या कानावर पहिलं पडलं ते 'लुसिड ड्रीम्स'चं जुन्या वळणाचं रूप. त्यामुळे 'काही बदललेलं नाही' ही खूण पक्की झाली आणि जानेवारीत आठ मिनिटांचं रूप आलं तेव्हा ते शोध वाटण्याऐवजी जोडकाम वाटलं. मी त्या जागी असतो तर क्रम उलटा केला असता. लांब रूप आधी, नाव न सांगता, क्लबसाठी.

आणि काठावरच्या पायाबद्दल. 'टुनाइट'मध्ये बदललेली गाणी आणि न बदललेली गाणी शेजारी शेजारी आहेत. 'बाइट हार्ड' दुसऱ्या अल्बममध्ये खपून गेलं असतं. एकाच रात्रीची गोष्ट सांगायची तर असा चढउतार लागतो, हा युक्तिवाद मला मान्य आहे. पण मग 'लुसिड ड्रीम्स'चा शेवट दहाव्या क्रमांकावर एकटा का पडावा? त्याची चाहूल तिसऱ्या-चौथ्या गाण्यापासून लागायला हवी होती, दोन मिनिटांसाठी का होईना. वाद्यं होती, जागा होती, केरींसारखा माणूस होता. 'ब्लड' त्याच फितींमधून निघाला, म्हणजे साहित्य त्यांच्या हातातच होतं.

गेल्या महिन्यात आमच्या जॅमरूममध्ये ते वाक्य पुन्हा निघालं. मी लॅपटॉप मिटायला लावला, गिटारिस्टला सोळा आवर्तनं काहीही वाजवू नकोस म्हटलं आणि आम्ही दोघांनीच, ड्रम आणि बेसवर, आमचं सर्वांत जुनं गाणं नेहमीपेक्षा संथ वाजवलं. चौथ्या आवर्तनाला गिटारिस्ट भिंतीला टेकून उभा होता आणि त्याचा पाय हलत होता.